स्क्रीन लावणाऱ्या खेळाडूने घरी काय सांगावे?

संध्याकाळचे मैदान (धागाकर्ता) · सोमवार, रात्री ९.१०

नमस्कार. मी कोल्हापुरातील एका महाविद्यालयात वाणिज्य शाखेला शिकवतो आणि संध्याकाळी पाच ते सात या वेळेत मुलांच्या बास्केटबॉल संघाचा सराव घेतो. प्रशिक्षकाचा रीतसर अभ्यासक्रम मी केलेला नाही. विद्यार्थिदशेत काही आंतरमहाविद्यालयीन सामने खेळलो, तेवढेच माझे भांडवल. म्हणून येथील जाणत्या सदस्यांपुढे एक अडचण मांडतो.

दोन वर्षांपूर्वी आमचा संघ म्हणजे चेंडूमागे धावणारी पाच मुले होती. बारा जणांपैकी सात जण पेठांमधून फुटबॉल खेळत आलेले, दोघे तालमीतले आणि शाळेपासून बास्केटबॉल खेळलेले केवळ तिघे. ज्याच्या हाती चेंडू पडेल तो ड्रिबल करीत थेट रिंगखाली शिरायचा, आणि उरलेले चौघे "दे, दे" असे ओरडत त्याच्याच भोवती गोळा व्हायचे, त्यामुळे समोरच्या संघाला पाच जणांना अडवण्याचे कष्ट पडत नसत, एका जागेवर उभे राहिले तरी पुरत असे.

गेल्या जूनपासून मी प्रत्येकाची भूमिका ठरवून दिली. पावसाळ्यात आमच्या सिमेंटच्या मैदानावर शेवाळ धरते आणि जवळजवळ दोन महिने तेथे धावता येत नाही. तेव्हा सभागृहातील बाके बाजूला सारून, फरशीवर खडूने रेषा आखून, चेंडू न घेता नुसते चालत चालत प्रत्येकाने कोठून कोठे जायचे याचा सराव आम्ही केला. मुलांनी सुरुवातीला खूप थट्टा केली, पण माझ्या मते संघ घडला तो त्याच दोन महिन्यांत. आता एकाला चकवून प्रतिस्पर्धी पुढे आला की दुसरा आपणहून मदतीला सरकतो, रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर उसळून आलेला चेंडू) मिळताच पहिला पास कडेला जातो, आणि ज्या दोन संघांनी आम्हाला पूर्वी तीस-तीस गुणांनी लोळवले होते त्यांना या हंगामात आम्ही हरवले आहे.

अडचण आहे ती आमच्या अकरा नंबरची. हा मुलगा शाळेच्या संघात सर्वाधिक गुण करीत असे. अंगाने भक्कम आणि पायांनी स्थिर असल्यामुळे मी त्याला पॉवर फॉरवर्ड केले. सात नंबरच्या शूटरसाठी आणि पॉइंट गार्डसाठी (चेंडू पुढे आणून खेळ रचणाऱ्यासाठी) स्क्रीन लावणे, म्हणजे त्यांना अडवणाऱ्या बचावपटूच्या वाटेत स्थिर उभे राहणे, रिंगखाली प्रतिस्पर्ध्याला पाठीवर घेऊन अडवणे आणि रिबाउंड मिळवणे ही त्याची कामे. तो ती मनापासून करतो. गेल्या आठवड्यात जिंकलेल्या सामन्यानंतर बुटांच्या नाड्या सोडता सोडता तो मला म्हणाला, "सर, घरी गेलो की आजोबा विचारतात, आज किती बास्केट केल्यास? मी दोन म्हणतो. मग ते काही बोलत नाहीत." मला उत्तर सुचले नाही.

माझे दोन प्रश्न आहेत. एकोणीस वर्षांच्या मुलाला अशी एका कामाची भूमिका बांधून देणे योग्य आहे का? आणि योग्य असेल, तर जे काम प्रेक्षकांना दिसत नाही ते दिसेल कसे?

माजी सेंटर · सोमवार, रात्री १०.०५

सर, तुमच्या अकरा नंबरच्या जागी मी तीन वर्षे काढली आहेत. आमच्या प्रशिक्षकांनी मला पहिल्याच दिवशी सांगितले होते की तू उंच आहेस, तू रिंगखाली उभा राहा. का उभे राहायचे, हे तीन वर्षांत त्यांनी एकदाही सांगितले नाही. दुसऱ्याने शॉट मारला की मी प्रतिस्पर्ध्याच्या पोटाला पाठ लावून त्याला रिंगपासून दूर ठेवत असे, चेंडू बोर्डावरून उसळून आमच्याच छोट्या गार्डच्या हाती अलगद येत असे, आणि टाळ्या त्याला मिळत. मी बॉक्स आउट करीत होतो म्हणून त्याला रिबाउंड मिळत होते, हे मला स्वतःलाच फार उशिरा, दुसऱ्या संघाचा सामना कट्ट्यावर बसून पाहताना उमगले.

तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर असे की भूमिका देण्यात चूक नाही, मात्र ती देताना कारणही दिले पाहिजे. खडूच्या रेषांवर तुम्ही मुलांना चालवलेत, हे फार चांगले केलेत. आमच्या वेळी असे कोणी केले असते, तर मी कदाचित आणखी दहा वर्षे खेळलो असतो.

कागलकर · सोमवार, रात्री १०.१२

आजोबांना सांगावे की नातू दोन तास भिंत बांधत होता आणि भिंतीला घाम येत होता.

अर्धवेळ पंच · सोमवार, रात्री १०.४८

मी जिल्हा पातळीवरील सामन्यांत पंच म्हणून उभा राहतो आणि पंच नसतो तेव्हा पुष्कळदा लेखनिकाच्या टेबलावर बसतो. तेथून दिसणारी एक गोष्ट सांगतो.

आपल्याकडे अधिकृत गुणपत्रिकेत प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे दोनच गोष्टी चढतात. त्याने केलेले गुण आणि त्याचे फाउल. पास कोणी दिला, स्क्रीन कोणी लावली, रिबाउंड कोणी घेतला, यासाठी तिच्यात रकानाच नाही. आता स्क्रीन लावणाऱ्या मुलाचा विचार करा. स्क्रीन लावताना तो किंचित सरकला, कोपर किंवा गुडघा बाहेर काढला, की फाउल त्याच्या नावावर लागतो, आणि असे पाच झाले की तो उरलेल्या सामन्यातून बाहेर जातो. चाळीस मिनिटे त्याने नेमके काम केले तर पत्रिका कोरी राहते, आणि चुकला तरच त्याच्या नावापुढे खूण उमटते. आजोबांनी नातवाची कामगिरी या पत्रिकेवरून जोखली तर दोष त्यांचा नाही.

गंगावेशकर · मंगळवार, सकाळी ७.३०

मी थोडा वेगळा सूर लावतो, रागावू नये. मी बास्केटबॉल खेळलेलो नाही. तालमीत वाढलो आणि अजूनही पहाटे आखाड्यावर जातो. आमच्याकडे मैदानात उतरणारा प्रत्येक मल्ल पट काढायलाही शिकतो आणि सोडवायलाही शिकतो. तू फक्त अडव आणि दुसरा चितपट करील, असे खासबागेच्या कुस्ती मैदानात कोणी कोणाला सांगत नाही. शाळेत सर्वाधिक गुण करणाऱ्या मुलाला महाविद्यालयात आणून खांब करणे ही मला त्याच्या गुणांची नासाडी वाटते. संघाने सामना जिंकला याचा आनंद आहेच, पण या वयातील मुलाचा खेळ वाढला की खुंटला, हेही प्रशिक्षकाने पाहायला हवे. दोन वर्षांनी हा मुलगा महाविद्यालयातून बाहेर पडेल तेव्हा त्याला शॉट मारता येत असेल का?

माळावरची · मंगळवार, सकाळी ९.१५

गंगावेशकर यांचा शेवटचा प्रश्न मला पटला, आधीचा भाग तितकासा नाही.

मी आमच्या महाविद्यालयाच्या मुलींच्या संघात खेळत होते. एका वर्षी आमच्याकडे सरावाला सातच मुली येत असत. पाच मैदानात, दोघी बाकावर, आणि त्यातल्या एकीचा घोटा कायम सुजलेला. अशा वेळी तू गार्ड आणि तू सेंटर असे वाटून कसे चालणार? पहिल्या पाचांतील उंच मुलगी फाउल होऊन बाहेर गेली की मला, माझी उंची पाच फूट दोन इंच असताना, रिंगखाली उभे राहावे लागे. त्यामुळे आमच्या मॅडमनी एक नियम केला होता. आठवड्यातील दोन दिवस प्रत्येकीने दुसरीच्या जागेवर सराव करायचा. मी सेंटर झाले की मला कळायचे की गार्डने उशिरा पास दिला तर तीन सेकंदांच्या नियमामुळे (रिंगखालच्या पट्ट्यात सलग तीन सेकंदांहून अधिक थांबता येत नाही) सेंटरची किती पंचाईत होते. आमची सेंटर गार्डच्या जागी आली की तिला कळायचे की समोरून दोघी अंगावर धावून येत असताना आत पास टाकणे किती अवघड असते. भांडणे निम्म्याने कमी झाली.

म्हणून सरांना माझी सूचना अशी की सामन्यात भूमिका ठेवाव्यात आणि सरावात मोडाव्यात. त्या सात नंबरच्या शूटरला आठवडाभर स्क्रीन लावायला उभे करा. छातीवर दोन-चार धडका बसल्या की अकरा नंबरकडे पाहण्याची त्याची दृष्टी बदलेल.

संध्याकाळचे मैदान · मंगळवार, दुपारी १.२०

सर्वांचे आभार. पंच महोदयांनी गुणपत्रिकेबद्दल जे लिहिले ते मला शिकवणारा माणूस असूनही कधी सुचले नव्हते, आणि ते वाचून मी जरा अस्वस्थ झालो, कारण सूचनाफलकावर आम्हीही "आजचा सर्वाधिक गुण करणारा" एवढेच लिहितो.

गंगावेशकर, आपला आक्षेप मी गंभीरपणे घेतो. अकरा नंबर सरावात शॉट मारतो, परंतु सामन्यात त्याला संधी क्वचित मिळते, हे खरे आहे. माळावरची ताई, जागा बदलून सराव उद्यापासूनच सुरू करतो.

इतिहासवेडा · मंगळवार, दुपारी ३.००

भूमिका आणि संघ हा विषय निघाला म्हणून २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकची आठवण करून द्यावीशी वाटते. अमेरिकेच्या संघात एकाहून एक नावाजलेले व्यावसायिक खेळाडू होते, तरीही पहिल्याच सामन्यात पोर्टो रिकोने त्यांना ९२-७३ असे हरवले, पुढे लिथुआनियानेही हरवले, आणि उपांत्य फेरीत अर्जेंटिनाने ८९-८१ अशी मात केली. अर्जेंटिनाने इटलीला नमवून सुवर्णपदक जिंकले आणि अमेरिकेला कांस्यावर समाधान मानावे लागले. त्या अर्जेंटिनाचा मुख्य खेळाडू मनू जिनोबिली. तोच जिनोबिली एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक लीगमध्ये सॅन अँटोनियोकडून खेळताना बहुतेक वेळा बाकावरून उठून मैदानात येत असे, आणि २००८ मध्ये त्याला सर्वोत्तम बदली खेळाडूचा पुरस्कार मिळाला. देशासाठी आघाडीचा, क्लबसाठी सहावा, आणि दोन्हीकडे विजेता. अकरा नंबरला ही गोष्ट जरूर सांगावी.

माजी सेंटर · मंगळवार, दुपारी ४.१०

इतिहासवेडा, माहिती अचूक आहे, मात्र तिच्यातून निघणारा अर्थ मी थोडा वेगळा लावतो. अर्जेंटिनाचे ते खेळाडू वर्षानुवर्षे एकमेकांबरोबर राष्ट्रीय संघात खेळत होते. २००२ च्या जागतिक स्पर्धेतही त्यांनी अमेरिकेला हरवले होते. अमेरिकेचा संघ स्पर्धेपूर्वी थोडक्या दिवसांत जमवलेला होता. म्हणजे फरक केवळ मनोवृत्तीचा नव्हता, फरक सवयीचा होता. कोणता मित्र डाव्या हाताने पास पकडताना अडखळतो आणि कोण धावत असतानाच मागे वळून पाहतो, हे ठाऊक होण्यासाठी वेळ द्यावा लागतो. महाविद्यालयीन संघाची खरी अडचण तीच आहे, कारण तीन वर्षांत मुले पदवी घेऊन निघून जातात आणि प्रशिक्षकाला पाटी पुन्हा कोरी करावी लागते.

शिवाय जिनोबिली बाकावरून आला तरी मैदानात उतरल्यावर चेंडू त्याच्याच हाती असे. तुमचा अकरा नंबर पहिल्या पाचांत असूनही त्याच्या हाती चेंडू नाही. दोन्ही दुःखे वेगळी आहेत.

पेठेतला · मंगळवार, संध्याकाळी ६.४५

विषयांतराबद्दल आधीच क्षमा मागतो. बारापैकी सात फुटबॉलवाले हे वाचून अभिमान वाटला. शाहू स्टेडियमवर पेठांचा सामना असला की अर्धे शहर तेथे असते, आणि त्याच वेळी बास्केटबॉलच्या मैदानावर पाहायला दोन मित्र आणि एक कुत्रा असतो. मात्र सरांनी लिहिलेली "एका जागी गोळा होण्याची" खोड फुटबॉलची नाही, हे नोंदवावेसे वाटते. आमच्याकडे बचावपटू जागा सोडून पुढे धावला तर गॅलरीतील आजोबासुद्धा त्याचा उद्धार करतात. मुलांना फुटबॉलमधील जागेची जाण होतीच. बास्केटबॉलचे मैदान २८ मीटर बाय १५ मीटर एवढेच असल्यामुळे त्यांना ती वापरता येत नसावी.

कागलकर · मंगळवार, संध्याकाळी ६.५८

कुत्र्याची भूमिका ठरलेली आहे का? नसेल तर त्याला झोन बचावात घ्यावे.

आकडेमोड · मंगळवार, रात्री ८.३०

मी संख्याशास्त्र शिकवते. पंच महोदयांच्या मुद्द्याला एक साधे गणित जोडते. सामना चाळीस मिनिटांचा. दोन्ही संघांकडे चेंडू साधारण समान वेळ राहतो असे धरले तर आपल्या संघाकडे वीस मिनिटे येतात. मैदानात पाच जण. म्हणजे पूर्ण सामना खेळणाऱ्या खेळाडूच्या हाती सरासरी चार मिनिटे चेंडू असतो आणि छत्तीस मिनिटे तो चेंडूविना असतो. पास हवेत असतानाचा वेळ वगळला तर चार मिनिटेही भरणार नाहीत. आपण खेळाडूला ओळखतो ते त्या चार मिनिटांवरून, आणि सामना बहुतांशी ठरतो तो उरलेल्या छत्तीस मिनिटांत.

तेव्हा त्या छत्तीस मिनिटांची वही ठेवावी. बाकावरील एका मुलाला पेन्सिल द्यावी आणि पाच रकाने आखून द्यावेत: ज्या स्क्रीनमुळे बास्केट झाली ती स्क्रीन, बॉक्स आउट, मदतीला सरकून अडवलेला लेअप (रिंगजवळ जाऊन टाकलेला शॉट), हात लावून वळवलेला पास, आणि असिस्टच्या (ज्या पासवर बास्केट होते त्याच्या) आधीचा पास. अमेरिकेच्या एनबीएमध्येही आता स्क्रीनमुळे झालेल्या बास्केट आणि वळवलेले पास यांची अधिकृत नोंद ठेवली जाते, म्हणजे ही माझी लहर नाही. सामन्यानंतर सूचनाफलकावर गुणांच्या शेजारी ही वहीही लावा. आजोबांना सांगायला अकरा नंबरकडे आकडा असेल.

गंगावेशकर · मंगळवार, रात्री ९.१५

मॅडम, आकडा मोजू लागलो की मुले आकड्यासाठी खेळतील. उद्या हा मुलगा गरज नसताना जागोजागी स्क्रीन लावत सुटेल, कारण वहीत काडी पडायला हवी.

तालमीतील एक गोष्ट सांगतो, कारण दिवसभर विचार केल्यावर माझेच म्हणणे मला अर्धवट वाटू लागले. मोठ्या मल्लाच्या तयारीसाठी आखाड्यात एक जोडीदार असतो. तो रोज अंग देतो, रोज पडतो, आणि जत्रेच्या मैदानातील कुस्तीच्या पत्रकावर त्याचे नाव नसते. आमचे वस्ताद मात्र मोठी कुस्ती मारून आलेल्या मल्लाला सर्वांसमोर आधी त्या जोडीदाराच्या गळाभेटीला पाठवत असत. वहीची गरज पडली नाही. तेव्हा "आमच्याकडे प्रत्येक जण सारे करतो" हे जे मी सकाळी लिहिले ते पूर्ण खरे नव्हते. पण कौतुक माणसाने तोंडाने करावे, काड्यांनी नव्हे, या मतावर मी ठाम आहे.

आकडेमोड · मंगळवार, रात्री ९.४०

आपले वस्ताद रोज आखाड्यात हजर होते म्हणून त्यांना सारे दिसत होते. आजोबा घरी बसलेले आहेत. त्यांना तोंडी कौतुक ऐकू जात नाही. बाकी आकड्यासाठी खेळण्याचा धोका मान्य आहे, आणि म्हणूनच मी "लावलेली स्क्रीन" असे न लिहिता "ज्या स्क्रीनमुळे बास्केट झाली ती" असे लिहिले होते.

एक आई · बुधवार, सकाळी ११.०५

मी हा धागा दोन दिवस वाचते आहे. माझा मुलगा शहरातील दुसऱ्या एका महाविद्यालयाकडून खेळतो. मी त्याचे सामने पाहायला जात असे आणि पूर्ण वेळ चेंडूकडेच पाहत असे, कारण डोळे आपोआप तिकडेच जातात. चेंडू त्याच्याकडे नसला की मी त्याला विसरत असे, हे लिहिताना वाईट वाटते. घरी आल्यावर माझाही पहिला प्रश्न "किती केलेस?" हाच होता.

एकदा तो पाय मुरगळल्यामुळे माझ्या शेजारी प्रेक्षकांत बसला होता. खेळता येत नाही म्हणून चिडून तो मोठ्याने बोलत होता: "बघ, आता तो उजवीकडे जाईल, आता ह्याने मागे सरकायला हवे होते, सरकला नाही, बघ, गेली बास्केट." त्या दिवशी मी प्रथमच चेंडू सोडून माणसांकडे पाहिले. कबड्डीत एकाने घोटा धरला आणि दुसऱ्याने येऊन दाबले की ती पकड दोघांची असते, हे आमच्या गावातील लहान मुलालाही कळते, कारण लहानपणापासून शेजारी बसून कोणीतरी ते समजावलेले असते. बास्केटबॉल समजावणारे आमच्या घरात कोणी नव्हते. त्या आजोबांच्या शेजारी एका सामन्यात कोणीतरी बसावे, असे मला वाटते. बाकावरचा मुलगा चालेल, तो सतत बोलेल.

रश्शाचा शौकीन · बुधवार, दुपारी १२.३०

आणि सामन्यानंतर आजोबांसह सर्वांनी तांबडा-पांढरा ओरपावा. तेथेही भूमिका वाटलेल्या असतात आणि पांढऱ्याला कोणी विचारत नाही की तू तांबडा का नाहीस.

अर्धवेळ पंच · बुधवार, संध्याकाळी ७.२०

चर्चा कौतुकाकडे फार झुकली आहे. मला मूळ पोस्ट पुन्हा वाचताना एक तांत्रिक शंका आली, आणि ती खरी ठरली तर निम्मा प्रश्न मैदानावरच सुटेल.

सरांनी अकरा नंबरची कामे अशी लिहिली आहेत: स्क्रीन लावणे, अडवणे, रिबाउंड. त्यात "रोल" हा शब्द नाही. स्क्रीन म्हणजे काय ते पाहू. आपल्या गार्डला अडवणाऱ्या बचावपटूच्या वाटेत अकरा नंबर दोन्ही पाय जमिनीवर रोवून स्थिर उभा राहतो. बचावपटूला तो दिसत नसेल, म्हणजे स्क्रीन पाठीमागून असेल, तर एक पाऊल अंतर सोडणे नियमाने बंधनकारक आहे, आणि बचावपटू धावत असेल तर एक ते दोन पावले. गार्ड त्याच्या खांद्याला घासून निघतो आणि बचावपटू अडकतो. येथवर सर्वांना ठाऊक आहे. पण त्या क्षणी अकरा नंबरला अडवणारा जो दुसरा बचावपटू आहे, तो काय करतो? गार्ड मोकळा सुटला म्हणून तो घाईने गार्डकडे धावतो. म्हणजे गार्डसमोर दोघे आणि अकरा नंबरसमोर कोणीही नाही. याच वेळी अकरा नंबरने पायावर वळून, अडकलेल्या बचावपटूला पाठीवर ठेवून, हात वर करीत रिंगकडे धावायचे असते. त्याला रोल म्हणतात. पास वेळेवर आला तर त्याच्यासमोर मोकळा लेअप असतो. तो उत्तम शूटर असेल तर रिंगकडे न जाता बाहेर सरकून शॉटही घेऊ शकतो.

सांगायचा मुद्दा असा की स्क्रीन लावणारा खेळाडू त्याग वगैरे करीत नसतो. ती लावल्यामुळे पुढच्याच सेकंदाला मैदानातील सर्वांत मोकळा माणूस तोच होतो. सात नंबर आणि गार्ड यांना स्क्रीन मिळते आहे आणि अकरा नंबरला त्याबदल्यात चेंडू मिळत नसेल, तर तक्रार भूमिकेची नाही, गार्डच्या नजरेची आहे. तो रोलकडे पाहत नाही. सर, मोबाइलवर चित्रित केलेला एखादा सामना असेल तर तेवढेच पाहा.

माजी सेंटर · बुधवार, संध्याकाळी ७.५०

पंच महोदय, तीस वर्षे उशिरा का होईना, मला माझ्या गार्डचा फोन नंबर शोधावासा वाटतो आहे.

संध्याकाळचे मैदान · गुरुवार, रात्री ११.१५

पंच महोदय, आपले निदान बरोबर निघाले, आणि चूक मुलांची कमी, माझी अधिक आहे.

जिंकलेल्या त्याच सामन्याचे चित्रण एका मुलाच्या मोबाइलवर होते. काल रात्री मी पहिल्या दोन क्वार्टरचा खेळ थांबवून थांबवून पाहिला. अकरा नंबर स्क्रीन लावून नऊ वेळा रिंगकडे वळला. नऊपैकी सहा वेळा त्याच्यासमोर कोणीही नव्हते. चेंडू त्याच्याकडे आला एकदा, तोही जमिनीलगत. सातव्या वेळेनंतर तो हात वर करीनासा झाला, आणि दुसऱ्या अर्धात तर त्याने वळणेच सोडून दिले. सामना सुरू असताना मी दहा फुटांवर उभा होतो आणि सात नंबरच्या शॉटला टाळ्या वाजवत होतो. सभागृहातील खडूच्या रेषा मी पुन्हा आठवून पाहिल्या. त्यांत गार्डची वाट होती, शूटरची वाट होती, आणि अकरा नंबरच्या जागी मी एक फुली मारली होती. फुलीतून पुढे जाणारी रेषा मी आखलीच नव्हती. रोल तो शाळेत शिकला होता, म्हणून करीत होता.

आज सरावात गार्डला हे चित्रण दाखवले. तो चांगला मुलगा आहे, पाहून वरमला. त्याने सांगितले की स्क्रीनमधून बाहेर पडताना त्याला स्वतःच्या ड्रिबलकडे पाहावे लागते, म्हणून आत नजर जात नाही. तेव्हा आता रोज वीस मिनिटे दोघांची जोडी करून केवळ स्क्रीन, रोल आणि जमिनीवरून उसळवलेला पास एवढाच सराव ठेवला आहे. माळावरची ताईंच्या सूचनेप्रमाणे सात नंबरला स्क्रीन लावायला उभे केले. पहिल्याच धडकेत तो खाली बसला.

माळावरची · शुक्रवार, सकाळी ८.४०

गार्डची नजर वर येईपर्यंत त्याला चेंडू न पाहता ड्रिबल करायला लावा. आमच्या मॅडम समोर उभ्या राहून बोटे दाखवत आणि ड्रिबल करता करता आम्ही आकडा मोठ्याने सांगायचा असे. दोन आठवड्यांत फरक पडतो.

संध्याकाळचे मैदान · सोमवार, रात्री ९.३०

काल सामना झाला, म्हणून वृत्तान्त देतो. आम्ही चार गुणांनी हरलो.

अकरा नंबरला रोलवर सात वेळा चेंडू मिळाला. चार बास्केट झाल्या, एक लेअप रिंगवर फिरून बाहेर आला, एक पास हातातून निसटला आणि एकदा त्याच्यावर फाउल झाला, त्यातील दोन फ्री थ्रोंपैकी एक आत गेला. म्हणजे रोलवरूनच नऊ गुण. शेवटच्या क्वार्टरमध्ये प्रतिस्पर्धी संघ मॅन टू मॅन (प्रत्येकाने एकेक खेळाडू अडवणे) सोडून झोनमध्ये (प्रत्येकाने आपापली जागा राखणे) गेला, आणि आम्हाला झोनविरुद्ध काय करायचे ते नीट येत नव्हते, म्हणून हरलो. आकडेमोड मॅडमची वही बाकावरील पंधरा नंबरने ठेवली होती. तिच्यात "स्क्रीनमुळे बास्केट" या रकान्यात अकरा नंबरपुढे पाच काड्या आहेत. गंगावेशकर, वही फलकावर लावलेली नाही, ती मी सामन्यानंतर सर्वांसमोर वाचून दाखवली. दोघांचाही मान राखण्याचा प्रयत्न केला.

आजोबा आले होते. त्यांच्या शेजारी घोटा दुखावलेला आमचा नऊ नंबर बसला होता आणि तो खरोखरच सतत बोलत होता. निघताना आजोबांनी मला विचारले, "तो नातवाला दोनदा उशिरा चेंडू देणारा पोरगा कोण?" मी गार्डचे नाव सांगितले नाही.

भूमिकेबद्दलचा माझा पहिला प्रश्न मी अकरा नंबरलाच विचारला. जागा बदलून हवी का, असे म्हटल्यावर तो म्हणाला की हीच राहू दे, पण झोनविरुद्ध फ्री थ्रो रेषेजवळ मला उभे करा, तेथे मोकळी जागा असते. हे मला सुचायला हवे होते. उद्यापासून तो सराव आहे.

आता सात नंबर रुसला आहे. त्याचे म्हणणे, त्याला शॉट कमी मिळू लागले.

कागलकर · सोमवार, रात्री ९.३४

सर, नवा धागा काढा. सात नंबरच्या आजीला आम्ही समजावतो.